न बोलावता येणाऱ्याचं पान

"फोनपासून हलू नकोस. आणि हात कोरडे ठेव. पहिल्या घंटेला उचलायचा," हे न्हाणीघरात शिरता शिरता म्हणाले.

माझ्यापुढे मोड आलेल्या वालांचं पातेलं होतं. वाल सोलायचे म्हणजे हात ओले होणारच. मी मांडीवर एक जुना पंचा घेतला, दोन-चार वाल सोलले की हात पुसत होते, आणि फोनकडे बघत होते.

यांच्या खोलीत दोन फोन होते. एक साधा, काळा. दुसरा हिरवा, त्याला तबकडीच नव्हती. तो आपण फिरवायचा नाही, तो वाजायचा. वाजला की समजायचं, वरून बोलावणं आलं. दिल्लीत पहिल्या वर्षी तो इतका वाजायचा की माझ्या पोथीचा अध्याय कधी सलग झाला नाही. मी देवाला म्हणायचे, जरा याला गप्प कर. देवाने माझं ऐकलं असं वाटून नंतर मीच घाबरले.

हे लष्कराच्या पुरवठ्याचे सगळ्यात वरचे अधिकारी होते. कपडे, तंबू, शिधा, बूट, जे काही सैन्याला लागेल ते यांच्या हाताखालून जायचं. मला त्यातलं काही कळत नसे आणि हे घरी बोलतही नसत. पण त्या वर्षी उन्हाळ्यात हे सीमेवरच्या डोंगरात जाऊन आले, आणि आल्यापासून जेवताना मध्येच थांबायचे. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "त्या पोरांच्या पायात कापडी बूट आहेत, मनू. बर्फाचे बूट अजून कानपूरला शिवतायत."

लढाई काढायची की नाही, यावर तेव्हा दिल्लीत रोज खल चालला होता. यांचं म्हणणं एवढंच, की चैत्रापर्यंत थांबा. बूट, कोट वर पोचू देत, मग काय ते करा. यांनी ते बैठकीत पुन्हा पुन्हा बोलून दाखवलं तेव्हा मंत्रीसाहेब हसून म्हणाले होते, "टिपणीस, तुम्ही लढाईचं बोलताय की मुलीच्या लग्नाचा मुहूर्त काढताय?" सगळे हसले. हेही हसले असतील. माणूस हसतो अशा वेळी.

त्यानंतर हिरवा फोन हळूहळू मुका झाला. कागद आधी यांच्या हाताखालच्या मेहरोत्रांकडे जायला लागले, मग यांच्याकडे यायचेच थांबले.

त्या दिवशी शेवटची बैठक होती. दसरा होऊन गेला होता. हे न्हाऊन आले, बंद गळ्याचा कोट घातला, बूट घासले, आणि फोनसमोर खुर्चीत बसले. कुणाच्या तरी लग्नाला निघालेत आणि टांगा यायचाय, तसे.

"वाजला नाही?"

"नाही."

यांनी रिसीव्हर उचलला. पलीकडे ऑपरेटर असायचा. त्याचा आवाज मला इथवर ऐकू आला, "जी साहब?"

"काही नाही. चालू आहे का ते बघत होतो."

"चालू है साहब. बिलकुल चालू है."

यांनी रिसीव्हर अगदी हळू ठेवला. फोन बिघडलेला असता तर बरं झालं असतं.

खिडकीतून समोरचा बंगला दिसायचा. मेहरोत्रांचा. त्यांच्या दारात गाडी आली. ती यांची गाडी होती, ड्रायव्हरही यांचाच. मेहरोत्रा घाईने बसले. गाडी निघाली तेव्हा ड्रायव्हरने आमच्या घराकडे बघितलं नाही. चांगला माणूस होता. म्हणूनच बघितलं नसेल.

आता माझ्या नेमाचं सांगायला हवं. लग्न होऊन मी पेणला आले तेव्हा सासूबाईंनी मला पहिल्याच महिन्यात तो दिला. "रोज दारात न बोलावता जो येईल, त्याला आधी वाढ. मग तू जेव. बोलावून आणलेला पाहुणा असतो, तो नेमाचा नव्हे. न बोलावता येतो त्याला देव पाठवतो." घरचा माणूस चालत नाही, पगारी चालत नाही. कुणीच आलं नाही तर दिवेलागणीनंतर पेलाभर दूध घ्यायचं आणि निजायचं.

पेणला हे कधी जड गेलं नाही. दिल्लीत तर सुरुवातीला रांग लागायची. बदली हवी असलेला कुणी, कंत्राट हवं असलेला कुणी, गावाकडचा कुणी. कोण कशाला आलंय ते मी विचारत नसे. पान वाढायची, नैवेद्याच्या वाटीतलं चमचाभर त्यात घालायची आणि मोकळी व्हायची. समोरच्या मिसेस मेहरोत्रा तर आठवड्यातून तीनदा तरी यायच्या. वालाचं बिरडं त्यांना इतकं आवडायचं की वाटी बोटाने पुसून खायच्या.

श्रावण सरला तशी माणसं आटली. दूधवाल्याने एकदा विचारलंसुद्धा, "माताजी, दूध बढ़ा दिया, मेहमान आए हैं क्या?" मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्याला कसं सांगू, पाहुणे येईनासे झाले म्हणून दूध वाढलं!

त्या दिवशी ऊन वर आल्यावर मिसेस मेहरोत्रा आमच्या कुंपणाशी आल्या. कढीपत्ता हवा होता. आमचं झाड कुंपणाला लागून होतं. मी यांना म्हटलं, "फोनकडे बघाल ना?" आणि बाहेर गेले. दारात आलेल्याला आत या म्हणायला माझ्या नेमात हरकत नव्हती.

"या ना आत. बिरडं करतेय."

"आज नहीं, भाभीजी. आज इनकी बहुत बड़ी मीटिंग है, मन लगा है उधर." मग त्यांनी आमच्या खिडकीकडे बघितलं. "साहब घर पर हैं? तबीयत ठीक है?"

"तब्येत उत्तम आहे," मी म्हटलं.

त्यांनी हातातल्या कढीपत्त्याच्या डहाळीकडे बघितलं. वाईट बाई नव्हती ती. फाटकाच्या कडीवर हात ठेवून क्षणभर उभी राहिली, वाटलं येतेय. मग हात काढून गेली.

मी आत आले तेव्हा हे तसेच बसले होते.

"तू जेवून घे," हे म्हणाले.

"कुणी आलं नाही."

"मनू, हा नेम आईच्या पेणला ठीक होता. इथे कोण येणार आता आपल्याकडे?"

वाल सोलून झाले होते. सालं गोळा केली. पण मला उठवेना.

"गाडी गेली ना?" मी विचारलं.

"मेहरोत्राला घेऊन गेली."

"लांब आहे का हो ते? चालत जाण्यासारखं नाही?"

"चालत? अर्धा तास लागेल. पण चालण्याचा प्रश्न नाही. बोलावल्याशिवाय त्या खोलीत कुणी जात नाही."

"कुणी अडवतं?"

"अडवत नाही. जात नाहीत. पद्धत असते."

मी यांच्या कामात कधी शब्द घातला नव्हता. माझा आवाजही असा की शेजारच्या खोलीत पोचत नाही. पण त्या दिवशी बोलले.

"माझ्या घरात न बोलावता येणाऱ्याला पहिलं पान असतं. न बोलावता आला म्हणून त्याचा मान कमी, असं मला कुणी शिकवलं नाही."

"सरकार म्हणजे तुझं स्वयंपाकघर नव्हे गं."

"नव्हे. पण कुणाच्या पायात काय आहे ते डोळ्यांनी बघून आलेला माणूस इथे वालाच्या सालांजवळ बसलाय. आत बसलेल्यांपैकी कुणी बघून आलंय का?"

मला वाटलं, हे रागावणार. मग उठले, कोटाचं वरचं बटण लावलं आणि दाराशी गेले.

"फोन वाजला तर?" मी विचारलं.

"तर सांग, चालत निघालेत."

मी दारात उभी राहून बघितलं. सरळ, रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना कडुनिंब, आणि मधून एक उंच माणूस एकटाच चालत चाललेला. त्या रस्त्यावर साहेब लोक चालत नसत. माळी, धोबी चालत. एका बंगल्याच्या पहारेकऱ्याने सलाम करावा की नाही म्हणून हात अर्ध्यावर नेला.

मग मी बिरडं टाकलं, भात लावला. देवापुढे बसले. जप काही धड झाला नाही. मनात सारखं तेच, की कुणीतरी यांना आत घ्यावं आणि एकदा बोलू द्यावं. दुसरं काही मागितलं नाही. माझ्या जेवणाचं तर नाहीच.

हिरवा फोन वाजला नाही.

ऊन कलल्यावर हे परत आले. पायरीवरच बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. मी पाणी आणलं.

"आत घेतलं?"

"बाहेरच्या खोलीपर्यंत. तिथे बसायला सांगितलं. चहा दिला. दार लावलेलं होतं." एका नाडीची गाठ सुटत नव्हती, तिच्याशी झटत होते. "आतून हसल्याचे आवाज येत होते. मग दार उघडलं. मंत्रीसाहेब मला बघून म्हणाले, अरे टिपणीस! तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं. चहा घेतलात ना?"

"मग तुम्ही?"

"घेतला म्हटलं."

गाठ सुटली. यांनी बूट काढून शेजारी शेजारी नीट ठेवले.

"ठरलं?"

"ठरलं. याच महिन्यात."

काय बोलणार! मी यांना पाठवलं होतं, आणि यांना चहा मिळाला होता. आत भात निवत होता.

तेवढ्यात फाटक वाजलं. एक धिप्पाड लष्करी माणूस पायवाटेवरून येत होता. टोपी काखेत, मिशा भरघोस, रुबाब मोठा, पण चेहरा शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखा. माझ्यापुढे येऊन त्याने खाडकन टाचा जुळवल्या.

"नमस्कार, वैनी. मी हिंदुराव खानविलकर. ब्रिगेडियर. मला कुणी बोलावलेलं नाही. मी आपला आपणहून आलोय."

मी चकित होऊन बघत राहिले. असं कोण म्हणतं?

"या ना," मी म्हटलं. "बसा."

"बसतो. पण बोलावलेलं नाही बरं का. म्हणजे, साहेब म्हणाले की हे आधी सांगायचं—" आणि त्यांनी जीभ चावली.

मी यांच्याकडे वळले. हे आपले मोजे उलटे करत होते.

"तुम्ही बरोबर आलात का दोघे?"

"मी काही बोलावलं नाही त्यांना," हे मोज्याकडे बघत म्हणाले. "फक्त घर कुठलं ते दाखवलं. आणि कोपऱ्यावर थोडं थांबायला सांगितलं."

"झाडाखाली उभा केला मला, वैनी!" ब्रिगेडियर म्हणाले. "तीन हजार माणसं हाताखाली हायती, आणि मी कडुनिंबाखाली उभा. येणारीजाणारी बघायला लागली. एक बाई तर कुत्रं घेऊन लांबनं गेली."

मला हसू आलं. सगळं आयुष्य या माणसाने माझ्या नेमाची थट्टा केली होती. आणि आज, जगात ज्याला कुणी विचारत नव्हतं, त्याने वाटेत कोपऱ्यावर थांबून माझ्या जेवणाचा विचार केला होता. घर दाखवणं म्हणजे बोलावणं नव्हे, असं मी मनातल्या मनात सासूबाईंना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत.

मी पान मांडलं.

"भात घालू की पोळी?"

"भाकरी नसंल ना?"

"तांदळाची थापते. आत्ता होईल."

ब्रिगेडियर एकदम गंभीर झाले. "वैनी, सकाळपासून मी त्या मोठ्या लोकांच्यात होतो. तुला काय पाहिजे, असं विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या. आणि ते पण भात का पोळी."

भाकरी थापता थापता मला समजत गेलं. हे बाहेरच्या खोलीत बसले होते तेव्हा ब्रिगेडियरही तिथेच बसलेले होते. डोंगर चढून जायचा हुकूम त्यांनाच मिळणार होता. त्यांना बोलावलं होतं, पण विचारायला नव्हे, सांगायला.

"मला आत घेतलं, तारीख सांगितली, पाठ थोपटली," ब्रिगेडियर म्हणाले. "मी म्हटलं, सर, एक विचारू? तर म्हणाले, आता विचारायची वेळ संपली, खानविलकर. म्हणून बाहेर आल्यावर म्हटलं, या टिपणीस साहेबांना तरी विचारावं. हे तिथं एकटेच बसलेले, थंड झालेला चहा पुढ्यात." त्यांनी घास तसाच हातात धरला. "साहेब, तुम्ही आत असता तर काय बोलला असता?"

मग जे सकाळपासून यांच्या छातीत अडकलं होतं ते सगळं बाहेर आलं. कुठल्या पलटणीकडे काय आहे, काय नाही. कापडी बुटात बर्फ शिरला की पायाचं काय होतं. किती दिवसांत. हे हळू, नीट, मुद्दा मुद्दा मांडून बोलत होते, भलंमोठं टेबल समोर असल्यासारखे. आणि समोर एकच माणूस पाटावर मांडी घालून, बिरड्याचे हात तसेच ठेवून ऐकत होता. तो मध्येच हसला नाही.

"तयार किती जोड आहेत?" त्याने विचारलं.

"अर्धे असतील. कारखान्यातच पडून आहेत. उचलायचा हुकूम कुणी दिला नाही."

"कोण देणार?"

"द्यायचा मीच. तो अधिकार अजून माझ्याकडे आहे. काढून घ्यायचा राहून गेला असेल."

"मग?"

"मग मी आणतो," हे म्हणाले. "कागद पाठवून वर पोचणार नाहीत. मी स्वतः बरोबर येतो. तुम्ही जितके दिवस थोपवता येईल तितके थोपवा."

ब्रिगेडियरांनी डावा हात पुढे केला, उजवा खरकटा होता म्हणून. यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

निघताना त्यांनी देवघराच्या दाराशी वाकून नमस्कार केला. मग मला म्हणाले, "वैनी, तुमचा नेम झ्याक आहे. आमचं घर गडहिंग्लजला. नदीकडनं गेलं की शेवटचं. तुम्हीबी या. पण एक, मी बोलावणार नाही."

"मग येईन," मी म्हटलं.

"शब्द?"

मी देवाकडे बघितलं. "शब्द."

ते गेल्यावर मी जेवले. हे माझ्यासमोर बसून राहिले आणि मला वाढत होते. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. मग यांनी काळ्या फोनवरून कानपूरला फोन लावला, आणि संध्याकाळच्या गाडीला निघाले. हातात वळकटी आणि एक पिशवी.

हे फाटकापर्यंत गेले असतील नसतील, आणि खोलीत हिरवा फोन वाजला.

मी खिडकीत होते. यांनीही ऐकला. थांबले, मान वळवली. फोन वाजत होता. इतक्या दिवसांनी तो आवाज किती मोठा वाटला! यांचा हात कडीवर होता. मग यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नाही अशी, आणि फाटक ओढून घेतलं.

मी ओल्या हातांनीच फोन उचलला.

"टिपनिस साहब को दीजिए. मंत्रीजी बात करेंगे."

"ते निघालेत," मी म्हटलं. "कामावर गेलेत."

बूट गेले. पण सगळ्यांना पुरले नाहीत, आणि वर सगळीकडे पोचायच्या आत हल्ल्याचा हुकूम पोचला. ज्या पलटणीला मिळाले तिची माणसं स्वतःच्या पायांनी खाली उतरली. ब्रिगेडियरांनी आपला जोड एका जवानाला दिला होता, असं यांनी खूप नंतर सांगितलं. ते खाली आले ते डोलीतून. लढाई आपण हरलो. मग दिल्लीला कुणाचं तरी नाव हवं होतं. हल्ल्याला उशीर केला, या ठपक्याखाली ब्रिगेडियरांचं नाव छापून आलं. चौकशी झाली. यांना वाटत होतं, आपल्याला साक्षीला बोलावतील. हिरव्या फोनसमोर हे पुन्हा बसायला लागले. बोलावलं नाही. या वेळीही हे न बोलावता गेले. कागद देऊन आले. तो कुणी वाचला की नाही, माहीत नाही.

पुढच्या वर्षी आम्ही नोकरी सोडून पेणला परतलो.

एके सकाळी यांचा एक जुना ओळखीचा माणूस कोल्हापूरकडून आला होता. बोलता बोलता म्हणाला, "खानविलकरांचं वाईट झालं. घर सोडून बाहेर पडत नाहीत. गावातलंही कुणी फिरकत नाही. हरलेल्या माणसाच्या पायरीवर कोण जातंय?"

त्याला मी वाढलं. तो त्या दिवशीचा नेमाचा पाहुणा होता. तो गेल्यावर मी जेवले, देवाला नमस्कार केला, वाळवणातले वाल पुरचुंडीत बांधले आणि दोन लुगडी पिशवीत घातली.

हे झोपाळ्यावर होते. "कुठे निघालीस?"

"गडहिंग्लजला. जेवायला."

हे माझ्या हातातल्या पुरचुंडीकडे बघत राहिले. झोपाळा थांबला.

"मीही येऊ?"

"तुम्हाला कुणी बोलावलंय?"

"नाही."

"मग चला," मी म्हटलं, आणि यांनी वहाणा पायात सरकवेपर्यंत दाराची कडी हातात धरून उभी राहिले.